एका तारखेला दोन सूर्यास्त

तिकिटावर छापलं होतं: मुंबईहून निघणार दुपारी अडीचला, सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचणार त्याच तारखेला संध्याकाळी पाचला. जाऊबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "अडीच तास? अगं, साताऱ्याहून पुण्याला जायला एवढे लागतात!" मी त्यांना साडेतेरा तासांच्या फरकाचा हिशेब सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे सोळा तास ना? मग सरळ सोळा तास असं का नाही छापत?"

प्रश्न रास्त होता. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात हे त्याचं उत्तर. पण सोळा हा आकडाही तसा पक्का नव्हे. त्याच दोन विमानतळांमधला तोच प्रवास आम्हाला जाताना सोळा तासांचा झाला आणि येताना साडेसतरा तासांचा. अंतराचं तर त्याहून गमतीचं. कोष्टकात पाहिलं तर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटर. त्याला ताशी नऊशेने भागलं की पंधरा तास येतात, वर चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास धरला की झालं उत्तर. गणित चोख आहे. फक्त आमचं विमान त्या १३,५०० किलोमीटरच्या वाटेनं गेलंच नाही, आणि जाण्याजोगी ती वाट नाहीच.

माझी नोकरीची सगळी वर्षं शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. वर्गात पृथ्वीगोल असायचा, एका बाजूने चेपलेला, पण कामाचा. त्यावर दोरा ताणून दोन शहरांमधलं अंतर मोजायला मुलांना फार आवडे. मुंबई पूर्व रेखांश ७३ वर, सॅन फ्रान्सिस्को पश्चिम रेखांश १२२ वर; म्हणजे एक गाव गोलाच्या इकडे, दुसरं जवळपास पलीकडे. अशा दोन गावांमध्ये दोरा ताणला की तो पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही. तो निघतो उत्तरेला, जेमतेम चौदा अंश पूर्वेकडे कलून. राजस्थान, हिमाचल, लडाख, काराकोरम, तकलामाकानचं वाळवंट, सैबेरिया, मग आर्क्टिक महासागरात थेट ७६-७७ अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात उतरतो. भिंतीवरच्या नकाशाला सरावलेल्या मुलांना हे खरं वाटायचं नाही. तो नकाशा मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी काढला. होकायंत्राची एकच दिशा धरून चाललेलं जहाज त्यावर सरळ रेघेत दिसावं म्हणून त्याने उत्तर-दक्षिण टोकं ताणून ठेवली. विमानवाल्यांचा विचार करायला तेव्हा विमानं कुठे होती!

तर दोरा काराकोरमवरून जातो, आणि पहिली अडचण तिथेच उभी राहते. अकरा-बारा हजार मीटरवरून उडणाऱ्या विमानाला आठ हजार मीटरच्या शिखरांची भीती कशाला, असं वाटेल. भीती शिखरांची नसते. विमानाच्या आतला हवेचा दाब कधी अचानक गेला तर डोक्यावरून जे प्राणवायूचे मुखवटे लोंबायला लागतात, त्यांतला प्राणवायू साधारण बारा ते वीस मिनिटं पुरतो. तेवढ्यात वैमानिकाला विमान तीन हजार मीटरच्या आसपास, माणसाला श्वास घेता येईल अशा उंचीवर आणावं लागतं. आणि शेजारच्या तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर आहे. खाली उतरायला 'खाली' शिल्लकच नाही. म्हणून त्या पठाराला विमानं शक्यतो वळसा घालून जातात.

दुसरी अडचण माणसांनी केलेली. आकाशाला कुंपण नसतं, हे कवींचं म्हणणं. विमान कंपन्यांचा अनुभव निराळा आहे. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ पासून रशियाने युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आपल्या आकाशात मज्जाव केला. भारतीय कंपन्यांना तो नाही. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये भारतीय विमानासाठी एक अंतर आणि अमेरिकी विमानासाठी दुसरं, अशी स्थिती झाली. पृथ्वीगोलावर दोरा ताणताना ही कुंपणं आम्ही मुलांना कधी सांगितली नाहीत. सांगायला हवी होती असं आता वाटतं, निदान दहावीच्या वर्गाला.

मग उरतो प्रश्न: वळसा घालायचाच तर कुठल्या बाजूनं? सॅन फ्रान्सिस्को असं काही जागी बसलंय की भारतातून तिथे पश्चिमेनंही जाता येतं आणि पूर्वेनंही. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली तेव्हा विमान पश्चिमेला, अटलांटिकवरून जात असे, सुमारे १३,९०० किलोमीटर. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते उलट बाजूनं, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून झालं १५,३०० किलोमीटर, आणि वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. चौदाशे किलोमीटर जास्त जा आणि दोन तास आधी पोहोचा! वर्गात कुणी असं उत्तर काढलं असतं तर मी वहीवर लाल फुली मारली असती.

याचं रहस्य पाठ्यपुस्तकातल्या नावेच्या उदाहरणात आहे. नाव प्रवाहाच्या दिशेनं जाताना नदीचा वेग तिच्या वेगात मिळवायचा, उलट येताना वजा करायचा. विमान ही हवेच्या नदीतली नाव. ती स्वतः ताशी नऊशेनं चालते. पण नदी दीडशेनं पूर्वेला वाहत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग जाताना एक हजार पन्नास, येताना साडेसातशे. आठ हजार किलोमीटरच्या टप्प्याला हे लावून बघा: वारा नसेल तर जवळजवळ नऊ तास, पाठीशी असेल तर साडेसातच्या थोडं वर, तोंडावर असेल तर पावणेअकराच्या जवळ. वारा मदत करतो तेव्हा सव्वा तास देतो आणि विरोधात जातो तेव्हा पावणेदोन तास घेतो. सावकारच म्हणायचा! या देण्याघेण्याचा हिशेब मांडणारी माणसं विमानतळावरच्या कुठल्यातरी खोलीत बसलेली असतात. वरच्या वाऱ्यांचे अंदाज लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या दोन जागतिक केंद्रांतून येतात, आणि त्यावरून रोजची वाट रोज ठरते. काल गेलेल्या वाटेनं आज विमान जाईलच असं नाही.

आम्ही निघालो जानेवारीत. लेक सनीवेलला असते. विमानतळावर व्हीलचेअरची रांग चेक-इनच्या रांगेहून लांब होती. त्यातल्या बऱ्याच आज्या-आजोबांना चालता येत होतं हे उघड दिसत होतं. लोक याला हसतात. मी हसत नाही. परक्या देशातले मैलभर लांबीचे बोळ, इमिग्रेशनच्या खिडकीतला इंग्रजी प्रश्न आणि बॅगेतलं भाजणीचं पीठ, या तिन्हींना तोंड द्यायला कुणीतरी सोबत हवं असतं, आणि ते मागण्याचा हा एकच सभ्य मार्ग आहे. "कितवी खेप?" असं एकमेकांना विचारत रांग सरकत होती. पहिलटकरांना अनुभवी मंडळी मेतकूट चालतं, बी-बियाणं चालत नाही, असले सल्ले देत होती.

विमान बोइंग ७७७-२०० एलआर जातीचं होतं. लांब पल्ल्यासाठीच बनवलेलं. याच्या टाक्या काठोकाठ भरल्या तर एक लाख ऐंशी हजार लिटरहून जास्त इंधन बसतं, म्हणजे सुमारे १४५ टन. पूर्ण भारानिशी उडताना विमानाचं एकूण वजन जास्तीत जास्त ३४७ टन. म्हणजे माणसं, सामान, जेवणाच्या ट्रॉल्या आणि खुद्द विमान एकीकडे, आणि त्याच्या दोन-तृतीयांशाहून जास्त भरेल एवढं इंधन दुसरीकडे. सुरुवातीचे कित्येक तास विमान इंधन जाळतं ते बरंचसं उरलेलं इंधन वाहून नेण्यासाठी. म्हणून लांबचा पल्ला थेट गाठणं तसं महागाचं काम; वेळ वाचतो त्याचे पैसे आपण देत असतो.

याच जातीच्या विमानानं नोव्हेंबर २००५ मध्ये एक अचाट उड्डाण केलं होतं. हाँगकाँगहून लंडनला जायचं तर जगातलं कुठलंही विमान पश्चिमेला तोंड करेल. हे गेलं पूर्वेला: पॅसिफिक, अख्खी अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं, मध्ये कुठेही न थांबता. विक्रमासाठीच केलेला खटाटोप होता तो. पण एवढा लांब पल्ला काढायचा तर वाऱ्याला पाठीशी घ्या, हे त्यांनीही ओळखलं होतं.

आमचं विमानही पूर्वेलाच जाणार होतं, पण उडालं मात्र पश्चिमेला, जुहूच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात. उडताना आणि उतरताना वारा तोंडावर लागतो, आणि मुंबईत तो बहुधा समुद्राकडून येतो. समुद्रावर मोठं वळण घेऊन आम्ही परत मुंबई ओलांडली आणि पूर्वेची वाट धरली. शेजारच्या सीटवरचे नागपूरचे गृहस्थ समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघून म्हणाले, "हे तर आमच्या गावाकडं चाललंय. मला कशाला मुंबईपर्यंत आणलं?"

बंगाल मागे पडला आणि उड्डाणानंतर अडीचेक तासांत सूर्य मावळला. घड्याळात जेमतेम पाच वाजत होते. आपण पूर्वेकडे पळत असलो की सूर्याशी समोरासमोर धावत असतो. दिवसही चटकन संपतो आणि रात्रही. जेवण आलं, दिवे मालवले, लोकांनी पांघरुणं ओढली. मी नकाशा लावून बसले. म्यानमार, चीन, मग जपान. जपानच्या अलीकडे आकडे बघण्यासारखे झाले: बाहेरचं तापमान उणे साठच्या आसपास, पाठीवरचा वारा ताशी २३०, जमिनीवरचा वेग ताशी १,१४० किलोमीटर. नागपूरकरांना झोप नव्हतीच. त्यांनी विचारलं, "एवढ्या उंचीवर आवाजाचा वेग एक हजार साठच्या आसपास असतो म्हणतात. म्हणजे आपण आवाजाला मागे टाकलं?" टाकलं नव्हतं. विमान आपल्या भोवतीच्या हवेतून नऊशेनंच चाललं होतं. ती हवाच आम्हाला घेऊन पळत होती. ट्रेमधल्या पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही.

या वाऱ्याची पहिली नीट नोंद झाली ती त्या रात्री आमच्या खाली कुठेतरी असलेल्या जपानमध्ये. तोक्योच्या ईशान्येला तातेनो इथे १९२० मध्ये वरच्या हवेच्या अभ्यासाची वेधशाळा निघाली. तिचे प्रमुख वासाबुरो ओइशी. ते लहान फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचे. हिवाळ्यात हे फुगे ठरावीक उंचीवर पोहोचले की पूर्वेला भन्नाट वेगानं पळत सुटत, इतक्या वेगानं की ते खरं मानणं जड जावं. ओइशींनी १९२६ मध्ये ते प्रसिद्ध केलं, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचावं म्हणून एस्पेरान्तो या बनवलेल्या जागतिक भाषेत लिहिलं. ते स्वतः त्या भाषेचे मोठे पुरस्कर्ते होते. परिणाम व्हायचा तोच झाला: जपानबाहेर कुणी फारसं वाचलंच नाही.

अमेरिकनांना हा वारा भेटला तो १९४४ च्या हिवाळ्यात. नऊ-दहा हजार मीटरवरून तोक्योवर बॉम्ब टाकायला आलेली त्यांची बी-२९ विमानं या प्रवाहात सापडली. वारा पाठीशी घेतला तर विमान लक्ष्यावरून भर्रकन निघून जाई, तोंडावर घेतला तर जागच्या जागी रेंगाळे. बॉम्ब भलतीकडेच पडत. जपानी लष्कराने मात्र ओइशींच्या वाऱ्याचा निराळाच उपयोग केला. तुतीच्या जातीच्या झाडाचा कागद आणि कोन्याकू नावाच्या कंदाची खळ यांचे दहा मीटर व्यासाचे फुगे बनवले. चिकटवायचं काम कितीतरी शाळकरी मुलींनी केलं. फुग्यांना बॉम्ब आणि वाळूच्या पिशव्या बांधल्या. फुगा खाली आला की पिशवी आपोआप सुटे आणि तो पुन्हा वर चढे. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात असे नऊ हजारांहून जास्त फुगे सोडले. ना इंजिन, ना माणूस. तीनेक दिवसांत वाऱ्यानं ते पॅसिफिकपलीकडे नेले. बहुतेक समुद्रात गेले. अमेरिकेत जे सापडले त्यांतल्या एकाने ५ मे १९४५ रोजी ऑरेगनमधल्या ब्लाय गावाजवळ सहा जणांचा जीव घेतला: सहलीला आलेली पाच मुलं आणि त्यांच्यासोबतची एक गरोदर बाई.

आमचं विमान त्याच फुग्यांच्या वाटेवर होतं. तीन दिवसांचं अंतर आम्ही आठ-नऊ तासांत कापणार होतो, त्यात वाऱ्याचा वाटा मोठा. मला त्या शाळकरी मुलींचं राहून राहून वाटत होतं. आपण काय चिकटवतोय हे त्यांना कुणी सांगितलं असेल का?

जपान सोडल्यावर नकाशावर निळ्याशिवाय काही नाही. दोन इंजिनांच्या विमानाला एक नियम असतो: एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर ठरावीक मिनिटांत कुठल्यातरी धावपट्टीवर पोहोचता आलं पाहिजे. म्हणून ही वाट दिसायला मोकळ्या समुद्रावरून जाते, पण ती खालच्या अनोळखी विमानतळांना धरून आखलेली असते. अलास्काच्या टोकावरचं कोल्ड बे किंवा पॅसिफिकच्या मधोमध असलेलं मिडवे बेट यांचं नाव प्रवाशांना ठाऊक असण्याचं कारण नाही, वैमानिकांना मात्र असतं. कधी तर ते प्रवाशांनाही कळतं. जून २०२३ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेतल्या मागादानला उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी, आणि गावात एवढ्या लोकांना पुरतील अशी हॉटेलं नाहीत. बऱ्याच जणांना शाळेतल्या गाद्यांवर झोपावं लागलं. दुसरं विमान आलं तेव्हा सुटका झाली.

आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या आसपास उजाडलं. उड्डाणाला दहा तास झाले होते. पुढे उजव्या अंगाला, आग्नेयेला तांबडं फुटलं आणि ढगांच्या पांढऱ्या पठारावर ऊन पसरलं. हा सूर्योदय रेषेच्या अलीकडे असतो तर दुसऱ्या दिवसाचा. आम्ही रेषा ओलांडली आणि तो त्याच दिवसाचा झाला, ज्याची सकाळ आम्ही मुंबईत चहा पिऊन घालवली होती. नागपूरकर म्हणाले, "रविवारची सुट्टी संपता संपता हे जमलं तर काय मजा!" मग बराच वेळ विचार करून त्यांनी तो प्रश्न काढला जो माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारायचंच: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर अमेरिका आपोआप खाली यायला नको का? मुंबई पृथ्वीबरोबर ताशी पंधराशेहून जास्त किलोमीटरने फिरते हे खरं. पण हवाही तिच्यासोबत फिरते, आणि धावपट्टीवर उभं असल्यापासून विमानालाही तोच वेग मिळालेला असतो. "म्हणजे फुकट काही नाही," ते म्हणाले. वाऱ्याचं तेवढं फुकट, मी म्हटलं.

तो दिवस जेमतेम सहा तासांचा होता. किनारा दिसला, विमान खाडी ओलांडून पुढे गेलं, मागे वळलं आणि पाण्याला चाकं टेकतील की काय इतक्या खालून पश्चिमेला तोंड करून उतरलं. सोळा तास पाठीवर घेतलेल्या वाऱ्याला इथे पुन्हा सामोरं जायचं होतं. बाहेर येऊन लेकीच्या गाडीत सामान भरेपर्यंत सूर्य डोंगराआड गेला. एकाच तारखेचा दुसरा सूर्यास्त. "आई, दमलीस का?" या तिच्या प्रश्नाला मी त्याबद्दल सांगायला लागले, तर ह्यांनी मध्येच विचारलं, "आता जेवायचं की न्याहारी करायची?" शरीर दिवसाला साधारण तासभरच सरकतं, त्यामुळे पहिला आठवडा रात्री दोन वाजता पोहे खाण्यात गेला. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांच्या घरातलं कुणी तिकडे आहे त्यांना ते पाठ आहे.

परतीची गोष्ट मात्र सांगायला हवी. निघालो रात्री नऊला. आता वाऱ्याच्या वाटेनं परतायचं म्हणजे त्याच्याशी भांडत जायचं. त्यापेक्षा त्याला बगल दिलेली बरी. विमान कॅनडा-अलास्काच्या बाजूनं उत्तरेला चढलं आणि ध्रुवाच्या प्रदेशातून पलीकडे सैबेरियात उतरायला निघालं. ध्रुवावरून प्रवासी नेणं ही आता नवलाई उरलेली नाही. एअर इंडियाने ऑगस्ट २०१९ पासून दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोसाठी ती वाट वापरायला सुरुवात केली. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू हे सुमारे चौदा हजार किलोमीटरचं पहिलं उड्डाण ध्रुवावरून झालं तेव्हा कॉकपिटमध्ये चौघीही बायका होत्या: झोया अग्रवाल, पापागरी तन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. त्या वाटेवर वैमानिकांना काळजी असते ती इंधनाच्या तापमानाची. जेट विमानांचं इंधन उणे सत्तेचाळीसच्या आसपास गोठू लागतं, आणि बाहेर त्याहून थंड असू शकतं. इंधन फार गार व्हायला लागलं तर विमान खाली, जरा उबदार हवेत आणतात किंवा वेग वाढवतात.

जानेवारीत ध्रुवावर सहा महिन्यांची रात्र चाललेली असते. कॅलिफोर्नियातला अंधार घेऊन आम्ही त्या रात्रीत शिरलो, आणि पलीकडून बाहेर पडलो तेव्हा सैबेरियातला तोकडा दिवस संपून गेला होता. कझाकस्तानातही अंधार, मुंबईतही अंधार. उतरलो तेव्हा पहाटेचे चार. साडेसतरा तास सलग रात्र. निघालो त्या तारखेला, उतरलो परवाच्या तारखेला. मधली तारीख आम्हाला सूर्यासकट मिळालीच नाही.

ती तारीख नेमकी संकष्टीची होती. मागच्या रांगेतल्या कोल्हापूरच्या एक वहिनी उपवास धरून बसल्या होत्या, डब्यात राजगिऱ्याचे लाडू. चंद्रोदय झाल्याशिवाय सोडायचा नाही. आणि चंद्र होता खिडकीबाहेर, ढळढळीत, कित्येक तास. "उगवला कधी हा?" त्यांनी मला विचारलं, मी भूगोलाची शिक्षिका हे एव्हाना पाच-सहा रांगांना कळलं होतं. ध्रुवाजवळ चंद्र महिन्यातले सुमारे पंधरा दिवस मावळत नाही आणि उरलेले पंधरा उगवत नाही, असं मी सांगितलं. त्या विचारात पडल्या. मावळलाच नाही तर उगवायचा प्रश्न कुठे? पंचांग काढणाऱ्यांनी या आडनिड्या जागेचा विचार केलेला नाही. शेवटी त्यांनी मोबाइलमधल्या दिनदर्शिकेत कोल्हापूरची वेळ पाहिली, घड्याळ भारताच्या वेळेला लावलं आणि ती वेळ होईपर्यंत नेटानं बसून राहिल्या. रशियाच्या कुठल्यातरी बर्फाळ पट्ट्यावर त्यांनी उपवास सोडला आणि आम्हालाही अर्धा अर्धा लाडू दिला. स्थानिक वेळ, जागतिक वेळ आणि प्रवासाचे तास यांचा इतका स्वच्छ निकाल मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही.

त्यानंतर आकाश पुन्हा बदललं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, आणि उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना जादा वळसा घालून मध्येच युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. कोष्टकातले १३,५०० किलोमीटर जसेच्या तसे राहिले.

पहिल्यांदा जाणारी माणसं हल्ली मला सीट कुठली घ्यावी ते विचारतात. हिवाळ्यात पूर्वेच्या वाटेनं जात असाल तर उजवी खिडकी मागा, पंखाच्या पुढची. सूर्य त्याच बाजूला मावळतो आणि त्याच बाजूला उगवतो. येताना मात्र आइलची सीट घ्या. साडेसतरा तासांत बाहेर बघण्यापेक्षा उठून पाय मोकळे करणं जास्त वेळा लागतं, आणि चंद्राची वेळ कुणीतरी सांगतंच.